वृद्धांच्या ताटाचा हिशेब

१५ ऑगस्ट १९९५ या एकाच दिवशी केंद्र शासनाने दोन योजनांना प्रारंभ केला. पहिली प्राथमिक शाळेतील मुलांच्या पोषण आहाराची, दुसरी निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची. पुढे अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी जो अंतरिम आदेश दिला, त्यातही या दोन्ही योजना शेजारी-शेजारी आल्या. मुलांना कोरडे धान्य वाटून भागणार नाही, शाळेत शिजवलेले जेवण दिले पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. वृद्धांचे वेतन दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत त्यांच्या हाती पडले पाहिजे, असेही सांगितले. मुलांच्या बाबतीत शासनाने ताटापर्यंत जाण्याचे मान्य केले. वृद्धांच्या बाबतीत ते हातावर थोडे पैसे ठेवून थांबले. या थांबण्यामागे एक गृहीतकृत्य होते. वृद्ध माणूस घरात राहतो, घरात चूल पेटते, तेव्हा त्याच्या जेवणाची चिंता बाहेरच्यांनी करण्याचे कारण नाही, हे ते गृहीतकृत्य. ते आज तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

प्रश्न लहानसहान नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील लोकांची संख्या दहा कोटींच्या वर भरली होती. महाराष्ट्रात ती सुमारे १ कोटी ११ लाख, म्हणजे राज्यातील दर दहा माणसांमागे जवळजवळ एक, अशी होती. यांतील वृद्धाश्रमात राहणारे अगदी थोडे. बाकी सारे घरातच राहतात. मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वार्धक्यासंबंधी एक देशव्यापी पाहणी केली. पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक स्त्री-पुरुष तीत समाविष्ट होते आणि त्यांतील ३१ हजारांहून अधिक साठीच्या पुढचे होते. या पाहणीत वृद्धांपैकी सुमारे २७ टक्के लोकांचे वजन असावे त्याहून कमी आढळले, तर सुमारे २२ टक्के लोकांचे ते असावे त्याहून अधिक आढळले. शरीराला साजेसे वजन असलेले वृद्ध जेमतेम निम्मे निघाले. घरात चूल पेटते एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी हे आकडे जरा थांबून वाचावेत.

कुटुंब नावाचा पडदा

आपल्या अर्थशास्त्राने आणि आपल्या प्रशासनाने कुटुंब हे मोजमापाचे एकक मानले आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दरडोई दररोज २,२५० उष्मांक मिळवून देणारा किमान खर्च हा त्यांनी दारिद्र्याचा निकष धरला. देशातील दारिद्र्याच्या चर्चेला त्या अभ्यासाने पक्का पाया दिला, यात शंका नाही. परंतु 'दरडोई' या शब्दात कुटुंबाच्या एकूण खर्चाला माणसांच्या संख्येने भागलेले असते. प्रत्यक्ष स्वयंपाकघरात असा भागाकार कोणी करीत नाही. तेथे कमावत्याला आधी, मुलांना पोटभर, आणि म्हाताऱ्या माणसांना उरेल ते, अशी वाटणी पुष्कळदा होते. ती दुष्टपणाने होते असेही नाही. तिला कित्येकदा वृद्धांचीच संमती असते. 'आता आम्हाला काय करायचे आहे खाऊन?' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे.

शिधापत्रिकाही कुटुंबाचीच असते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला आणि अंत्योदय कुटुंबाला एकत्रित ३५ किलोंचा. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. सासूच्या नावावर आलेले पाच किलो कोणाच्या ताटात गेले, हे मात्र कोणत्याही दफ्तरात नोंदले जात नाही, आणि नोंदले जाणे शक्यही नाही.

मोजमापाची आणखी एक उणीव सांगावयास हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हा आपल्या पोषणविषयक धोरणाचा मुख्य आधार. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या तिच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालील बालकांची, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांची आणि १५ ते ५४ वयाच्या पुरुषांची उंची-वजने घेतली गेली. पन्नाशी ओलांडलेली स्त्री त्या तराजूवर उभीच राहिली नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानाचा भरही बालके, किशोरी, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यावर आहे. त्यांना प्राधान्य मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याचे वजन कोणी घेत नाही त्याचे घटलेले वजनही कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ध्यानात न आलेल्या गोष्टीसाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

म्हातारपणाची भूक

वृद्धांना कमी खावे लागते, ही आपल्याकडची पक्की समजूत. तिच्यात अर्धेच तथ्य आहे. वयाबरोबर शरीराची हालचाल मंदावते, स्नायू घटतात, त्यामुळे उष्मांकांची गरज कमी होते, हे खरे. परंतु प्रथिने, कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वे यांची गरज त्या प्रमाणात कमी होत नाही. स्नायूंची झीज रोखण्यासाठी उतारवयात प्रथिने उलट थोडी अधिकच लागतात, असे आज अनेक आहारतज्ज्ञांचे मत आहे. थोडक्यात, वृद्धाचे ताट लहान असावे, पण त्यातील प्रत्येक घास अधिक कसदार असावा. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. ताट लहान होते आणि प्रथम त्यातून डाळ, दूध, अंडे, शेंगदाणे हेच पदार्थ जातात. मागे राहतो तो भात, पोळी आणि चहा.

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही आपली म्हण या विषयातील निम्मे शास्त्र सांगून जाते. दात पडले की भाकरी, कडधान्ये, काकडी-गाजर, पेरू हे सारे एकदमच हद्दपार होते. कवळी बसवून घेण्याचा खर्च अनेकांना झेपत नाही, आणि बसवलेली कवळी हिरड्या आक्रसल्यावर सैल होते. जिभेची चव आणि नाकाचा वास मंदावतो, म्हणून जेवण बेचव लागते. तहानेची जाणीव बोथट होते. त्यातच रात्री उठावे लागू नये म्हणून अनेक वृद्ध संध्याकाळनंतर पाणी पिणेच टाळतात. पोटातील आम्ल कमी झाल्याने ब-१२ या जीवनसत्त्वाचे शोषण नीट होत नाही. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच, तेव्हा दूधही सुटलेल्या शाकाहारी वृद्धाला त्याची उणीव हमखास जाणवते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरभोळेपणा ही लक्षणे आपण 'वय झाले' या दोन शब्दांत गुंडाळून ठेवतो. त्यांतील काहींचे मूळ ताटात असू शकते.

एक साधा हिशेब करून पाहू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. पंचेचाळीस किलो वजनाच्या वृद्धेला म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम. आता तिचा दिवस पाहा. सकाळी चहा आणि एखादा टोस्ट, दुपारी ज्वारीची एक भाकरी, पातळ आमटी, थोडी भाजी आणि मूठभर भात, रात्री उरलेली भाकरी चहात किंवा आमटीत कुस्करून. दोन्ही भाकऱ्यांचे मिळून बारा ग्रॅम, आमटीतील डाळीचे तीन-साडेतीन, भाताचे तीन, दिवसभराच्या चहातील दुधाचे तीन, टोस्ट आणि भाजी यांचे मिळून तीन. ही बेरीज पंचविशीच्या पुढे जात नाही. रात्रीची भाकरी टळली तर ती एकोणिसावर येते.

ही तूट भरून काढणे फारसे महाग नाही. तीस ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांच्या कुटातून सात ग्रॅमहून थोडी अधिक, पंचवीस ग्रॅम जादा मूगडाळीतून सहा, आणि वाटीभर दह्यातून तीन ग्रॅम प्रथिने मिळतात. आजच्या बाजारभावाने हा जादा खर्च दिवसाला पंधरा-वीस रुपयांच्या घरात बसतो. अंडे चालत असेल तर एका अंड्याने सहा ग्रॅमची भर पडते. मऊ खिचडी, मेतकूट-भात, नाचणीचे आंबील, तिळाची आणि जवसाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, ताक हे सारे आपल्याच स्वयंपाकातले पदार्थ. त्यांना ना दात लागतात ना परदेशी डबे. मग अडते कोठे? ते पैशात अडते, पण केवळ पैशात नाही.

धान्य आहे, रांधणारे नाही

बीडसारख्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला लाखो माणसे बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तरुण जोडपी निघून गेली की पाच-सहा महिने गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. या नातवंडांची शाळा बुडू नये म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तीत मुले गावातच राहतात, रात्री आजी-आजोबांकडे झोपतात, आणि शाळेच्या व्यवस्थेतून त्यांना दोन वेळचे जेवण मिळते. योजना चांगली आहे. परंतु नातवाला जेथे गरम जेवण मिळते त्या स्वयंपाकघरात आजीच्या नावाचे ताट नसते. तिच्या घरी शिधापत्रिकेवरचे गहू-तांदूळ असतात. गहू गिरणीवर नेणे, पाणी भरणे, चूल किंवा शेगडी पेटवणे, स्वयंपाक करणे हे सारे तिने करावयाचे. गुडघे धरलेले असतात, डोळ्यांत मोतीबिंदू असतो. एकटीसाठी कोण एवढा खटाटोप करील? ती एकदा शिजवते आणि दोन दिवस खाते.

कोकणात हेच चित्र वर्षभर दिसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील चाकरमान्यांच्या घरांत आई-वडीलच मागे असतात; मुलगा गणपतीला आणि शिमग्याला येतो. पुण्या-मुंबईच्या सदनिकांत मुले परदेशी गेलेली जोडपी आहेत. त्यांच्या बँकेत पैसा आहे, शीतकपाटात दूध आहे; पण दोघांपैकी एक गेला की दुसऱ्याचे जेवण चहा-बिस्किटांवर येते. स्त्रियांच्या वाट्याला हे एकटेपण अधिक येते. देवनारच्या पाहणीतील आकड्यांनुसार एकटे राहणाऱ्या वृद्ध पुरुषांचे प्रमाण अडीच टक्के, तर स्त्रियांचे ८.६ टक्के आहे. आयुष्यभर घरादारासाठी रांधणाऱ्या स्त्रीला स्वतःसाठी रांधण्याची सवयच नसते. त्यात उपास-तापासांची भर. वार्धक्यात उपासांची संख्या वाढते, आणि उपासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांचा अभ्यास मांडताना एक मूलभूत गोष्ट दाखवून दिली होती. लोक उपाशी राहतात ते देशात अन्न नसते म्हणून नव्हे, तर त्या अन्नावर त्यांचा अधिकार चालत नाही म्हणून. हा विचार एक पायरी पुढे नेला तर असे म्हणावे लागते की, वृद्ध माणसाचा धान्यावरचा अधिकार त्याचे शिजवलेल्या, मऊ, कसदार जेवणात रूपांतर होईपर्यंत पुरा होत नाही. तरुण मजुराच्या बाबतीत धान्य आणि जेवण यांत अंतर थोडे असते. पंचाहत्तरीच्या विधवेच्या बाबतीत ते अंतर फार मोठे असते. आपली सारी धोरणे या अंतराच्या अलीकडच्या काठावर येऊन थांबलेली आहेत. रास्त भाव दुकानातील यंत्रावर कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही म्हणून परत फिरावे लागणारी म्हातारी माणसे तर त्या काठापर्यंतही पोहोचत नाहीत.

निवृत्तिवेतनाचे अंकगणित

आता पैशाकडे वळू. १९९५ मध्ये केंद्राने वृद्धांसाठी दरमहा ७५ रुपये मंजूर केले. २००६ मध्ये ते २०० झाले. २०११ मध्ये पात्रतेचे वय पासष्टवरून साठवर आणले गेले आणि ऐंशीच्या पुढील वृद्धांसाठी ५०० रुपये ठरले. साठ ते एकोणऐंशी या वयोगटासाठी केंद्राचा हिस्सा मात्र २०० रुपयांवरच राहिला. दिवसाला सहा रुपये सदुसष्ट पैसे. संसदेच्या स्थायी समितीने ही रक्कम वाढवावी असे वेळोवेळी सुचविले आहे. सरकारी नोकराच्या निवृत्तिवेतनाला महागाई भत्ता जोडलेला असतो आणि तो योग्यच आहे. पण शेतमजूर म्हणून आयुष्य काढलेल्याच्या वेतनाला भाववाढीचा वाराही लागू नये, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

महाराष्ट्राने श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेद्वारे आपली भर घातली. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाली, म्हणजे दिवसाला ५० रुपये. औषध, वीज, गॅस यांना पैसे दिल्यावर त्यातून ताटासाठी किती उरते हे वाचकांनीच ठरवावे. परंतु रकमेइतकाच पात्रतेचा प्रश्नही गंभीर आहे. २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली, तेव्हा वार्षिक अडीच लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याचे ठरले. पासष्टी उलटताच ही स्त्री त्या योजनेतून बाहेर पडते. श्रावणबाळ योजनेच्या दाराशी ती जावी, तर तेथे उत्पन्नाची मर्यादा वार्षिक २१,००० रुपयांची, म्हणजे सबंध कुटुंबाला महिन्याला १,७५० रुपयांची होती. ज्या वयात हातपाय थकतात नेमक्या त्याच वयात आधार काढून घ्यावयाचा, हा परिणाम कोणी मुद्दाम योजलेला नसेल. पण दोन खात्यांनी दोन कागदांवर दोन रेषा आखल्या की तो होतो. वय आणि उत्पन्न यांच्या या दोन रेषा एकमेकींशी जुळवून घेणे हे पहिले काम होय. त्यात कोणत्याही पक्षाने प्रतिष्ठेचा प्रश्न करू नये.

दुसरे काम शिध्याचे. निवृत्तिवेतनाला पात्र असूनही ते न मिळणाऱ्या वृद्धांसाठी १ एप्रिल २००० पासून 'अन्नपूर्णा' योजनेखाली दरमहा १० किलो धान्य मोफत देण्याची व्यवस्था झाली. तीतही पुन्हा धान्यच. वृद्धाच्या ताटातील तूट धान्याची नसून डाळीची, दाण्यांची आणि तेलाची आहे, हे वरील हिशेबावरून स्पष्ट व्हावे. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल यांचा संच शिधापत्रिकेवर दिला होता. सणासाठी जे करता येते ते, निदान एकट्या वृद्धांच्या शिधापत्रिकांपुरते, दरमहा करता येणे अशक्य नाही. फक्त साखरेऐवजी शेंगदाणे आणि रव्याऐवजी मूगडाळ द्यावी.

खाणावळीचा धडा

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे शिजवलेल्या जेवणाची व्यवस्था. हे काही स्वप्नरंजन नव्हे. तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांच्या शासनाने १९८२ मध्ये मुलांसाठी दुपारच्या जेवणाची योजना विस्तारली, आणि १९८३ पासून वृद्ध निवृत्तिवेतनधारकांनाही तीत सामावून घेतले. जे स्वयंपाकघर मुलांसाठी चालते तेच वृद्धांसाठी चालू शकते, हे त्या राज्याने चाळीस वर्षांपूर्वी दाखवून दिले. महाराष्ट्रात १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली. ती योजना टिकली नाही. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली: दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, भात आणि वरण. तिची केंद्रे रुग्णालये, बसस्थानके, बाजार अशा गर्दीच्या जागी काढली गेली. जो घराबाहेर पडू शकतो त्याच्यासाठी ती होती. ज्याला जिना उतरणे कठीण आहे त्याच्यासाठी नव्हती.

याबाबतीत शासकीय योजनांहून आपल्या समाजाच्या एका जुन्या संस्थेकडून अधिक शिकण्यासारखे आहे. ती संस्था म्हणजे खाणावळ. कोकणातून आणि घाटावरून कुटुंब मागे ठेवून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या कामगारांना गिरणगावातील बायांनी पिढ्यान् पिढ्या जेवू घातले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठी त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची दारे उघडून दिली. त्या काळी घरापासून तुटलेला माणूस तरुण होता आणि शहरात होता. आज घरापासून तुटलेला माणूस वृद्ध आहे, आणि तो स्वतःच्याच घरात आहे. त्याला हवी असलेली वस्तू तीच: जवळच्या बाईच्या हातचे, त्याच्या जिभेला ओळखीचे, वेळेवर येणारे जेवण.

गावोगावच्या महिला बचत गटांकडे हे काम सोपवता येईल. एका गावात वा प्रभागात एकट्या राहणाऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची यादी ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने करावी. दुपारचे एक जेवण गटाने शिजवावे. ज्यांना चालता येते त्यांनी देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या ओसरीवर किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या जागेत एकत्र बसून जेवावे, कारण माणसांत बसले की दोन घास अधिक जातात. ज्यांना येणे शक्य नाही त्यांना डबा पोहोचवावा. निराधारांना ते मोफत असावे आणि ज्यांचे मुलगे पुण्यात वा परदेशात आहेत त्यांनी पुरी किंमत द्यावी. अशाने योजनेला 'गरिबांची' म्हणून कमीपणा येणार नाही आणि पैसे भरणारे गिऱ्हाईक जेवणाच्या दर्जावर नजर ठेवील. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्यांचीही मदत घेता येईल. मात्र तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविका-मदतनिसांवर मोबदल्याशिवाय हा आणखी एक बोजा टाकू नये.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील आणि विचारलेच पाहिजे. शिवभोजन सुरू झाले तेव्हा शासनाने एका थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली होती. सरसकट ५० रुपये धरले तरी एक लाख निराधार वृद्धांना वर्षभर रोज एक जेवण देण्यास सुमारे १८२ कोटी रुपये लागतील. राज्याच्या अंदाजपत्रकाच्या मानाने ही रक्कम मोठी नाही. शिवाय ती बचत गटांच्या हाती, म्हणजे गावातच, फिरणार आहे. पडून खुब्याचे हाड मोडलेल्या एका वृद्धाच्या शस्त्रक्रियेवर कुटुंब वा शासन जो खर्च करते त्याच्या तुलनेत वर्षभराचा डबा स्वस्तच पडेल.

अशा व्यवस्थेमुळे मुले आपले कर्तव्य विसरतील, कुटुंबसंस्था खिळखिळी होईल, असा एक आक्षेप येतो. शाळेत खिचडी मिळू लागल्यावर आयांनी मुलांना जेवू घालणे सोडले नाही. कर्तव्य विसरणारे योजना नसतानाही विसरतात. त्यांच्यासाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्यातील निर्वाहाच्या व्याख्येत अन्नाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि न्यायाधिकरण दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह ठरवू शकते. परंतु पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज घेऊन कचेरीत जाणारी आई विरळा. कायद्याचा दंडुका हवाच, पण त्याने दुपारचे जेवण शिजत नाही.

घरातील कर्तव्य

शासनाकडे बोट दाखवताना पांढरपेशा घरांनी स्वतःकडेही पाहावे. आपल्या घरांतील वृद्ध उपाशी नसतात; पण पथ्यांच्या यादीखाली दबलेले असतात. मधुमेहासाठी गोड बंद, रक्तदाबासाठी मीठ बंद, कोलेस्टेरॉलच्या भीतीने तूप आणि अंडे बंद, वातुळ म्हणून डाळी बंद, कफ होतो म्हणून दही बंद. डॉक्टरांनी यांतील एखादे पथ्य सांगितलेले असते, बाकीची शेजारणींनी आणि भ्रमणध्वनीवरच्या संदेशांनी. सर्व पथ्ये एकत्र पाळणाऱ्या माणसाने खावे काय, याचे उत्तर कोणी देत नाही. काय वर्ज्य याबरोबरच काय आणि किती खावे, हेही डॉक्टरांना विचारून घेतले पाहिजे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर प्रथिने वाढवण्यापूर्वी विचारलेच पाहिजे.

महिन्यातून एकदा आई-वडिलांचे वजन घ्यावे. ठरवून प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे पन्नास किलोंच्या माणसाचे अडीच किलो, घटले तर ती धोक्याची सूचना समजून डॉक्टरांकडे जावे. काटा नसेल तर मनगटावरून ओघळणाऱ्या बांगड्या, सैल झालेली कवळी, कमरेत न राहणारे धोतर किंवा लेंगा हीच सूचना देतात. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. निवृत्तिवेतनाचे पुस्तक आणि त्यातील पैसे ज्याचे त्याच्या हाती राहू द्यावेत. आणि शक्य असेल तेव्हा दिवसातले एक जेवण त्यांच्या पंगतीला बसून करावे. त्याला कोणत्याही तरतुदीची गरज नाही.

विद्यार्थ्यांसाठीही एक काम आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची पथके १९६९ पासून महाविद्यालयांत कार्यरत आहेत आणि दरवर्षी एखाद्या गावात शिबिर भरवतात. रस्ते झाडण्याच्या आणि झाडे लावण्याच्या कामाबरोबर त्यांनी त्या गावातील साठीपुढच्या प्रत्येक माणसाचे वजन घ्यावे, पोटरीचा घेर फितीने मोजावा, काल दिवसभरात काय खाल्ले ते विचारावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा जावे. वजनकाटा, फीत आणि वही एवढ्यावर हे होते. अशा शंभर गावांच्या वह्या जमल्या तर शासनाला 'माहिती उपलब्ध नाही' असे म्हणता येणार नाही, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दरडोई सरासरीचा अर्थ पुस्तकापेक्षा अधिक चांगला समजेल.

वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य देण्याचे कर्तव्य राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात आहे आणि जनतेच्या पोषणाचा दर्जा उंचावण्याचे ४७ व्या अनुच्छेदात. दोन्ही अनुच्छेदांचा मिळून जो अर्थ होतो तो अद्याप आपल्या योजनांत उतरलेला नाही. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पुढील फेरीत साठीपुढच्या स्त्री-पुरुषांचे वजन घ्यावे, वृद्धांचे निवृत्तिवेतन भाववाढीशी जोडावे, पात्रतेच्या रेषा जुळवाव्यात, शिध्यात डाळ आणि शेंगदाणे यावेत आणि निदान प्रत्येक तालुक्यात एका ठिकाणी वृद्धांच्या खाणावळीचा प्रयोग पुढील आर्थिक वर्षात सुरू व्हावा. यांतील एकही मागणी अवास्तव नाही. ऊसतोडीच्या पुढच्या हंगामात नातवाचे ताट जेथे वाढले जाईल तेथे त्याच्या आजीचेही वाढले गेले, तर प्रारंभ झाला असे म्हणता येईल.